लोकवर्गणी : गावच्या पावतीपुस्तकापासून देशाच्या अर्थकारणापर्यंत

(देवालय जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवालयाचा जीर्णोद्धार पूर्ण होऊन शिखरावर कळस चढला, ही आनंदाची गोष्ट आहे. हे काम एका धनिकाच्या थैलीतून झालेले नाही. कुणी रोख रक्कम दिली, कुणी सोयाबीनचे कट्टे आणून टाकले, कुणी ट्रॅक्टरच्या खेपा घातल्या, तर ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते त्याने अंगमेहनत दिली. गाव करी ते राव न करी, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच केलेली नाही. ज्या रीतीने हे देवालय उभे राहिले, त्या रीतीचा, म्हणजेच लोकवर्गणीचा, थोडा विचार आजच्या प्रसंगी करणे उचित ठरेल.

हा विषय लहान दिसतो, पण तसा तो नाही. शहरातील लोक आज ज्याला ‘क्राउडफंडिंग’ म्हणतात, ती म्हणजे हीच लोकवर्गणी. फरक इतकाच, की पावतीपुस्तकाच्या जागी मोबाईल आला आणि वेशीच्या आतली वर्गणी सातासमुद्रांपलीकडे गेली. या मार्गाने जगभर मोठाल्या रकमा फिरू लागल्या, तेव्हा सरकारांना, रिझर्व्ह बँकेला आणि शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या ‘सेबी’ला नियम करावे लागले. हे नियम आपल्या गावच्या पेटीपर्यंत येऊन पोचतात. म्हणून ते समजून घेतले पाहिजेत.

वर्गणीची जुनी परंपरा

पूर्वी देवळे बांधली जात ती बहुधा राजाश्रयाने. परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी केला, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. निजामी अमलात अनेक देवस्थानांचा नंदादीप इनाम जमिनीच्या उत्पन्नावर तेवत असे. परंतु राजाश्रयाच्या जोडीला लोकाश्रयही होता. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ म्हणून एक प्रसिद्ध शिळा आहे. तिला पाठ घासली म्हणजे चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी भाविकांची समजूत. पण त्या शिळेवर कोरले आहे काय? शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ या काळात देवालयासाठी ज्यांनी ज्यांनी दाने दिली त्यांची ती नोंद आहे. देवगिरीचा राजा रामदेवराव यादव आणि त्याचा मंत्री हेमाडपंत यांचीही नावे त्यात येतात. राजा आणि सामान्य भाविक एकाच शिळेवर! साडेसातशे वर्षांपूर्वी आपल्या लोकांनी देणगीचा हिशेब दगडावर कोरून चारचौघांसमोर मांडला, ही गोष्ट मनात धरून ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

इंग्रजी अमदानीत वर्गणीला राष्ट्रकार्याचे रूप आले. अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंडा’ची कल्पना काढली. प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा, आणि त्या पैशांतून देशी उद्योग उभे करावेत. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. त्या फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. टिळकांच्या निधनानंतर १९२१ साली त्यांच्या नावाने स्वराज्य फंड उघडण्यात आला. एक कोटी रुपयांचा संकल्प होता आणि तो पुरा झाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा केले. दळणाच्या वेळी बाजूला काढलेल्या त्या मुठीवर गोरगरिबांची मुले शिकली. गुजरातेत तर १९७६ साली पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून ‘मंथन’ हा चित्रपट काढला. थेंबे थेंबे तळे साचे ते असे.

परदेशातही हेच घडले. न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा फ्रान्सने दिला, परंतु त्याच्या चौथऱ्याला पैसा नव्हता. १८८५ साली जोसेफ पुलित्झर या संपादकाने आपल्या वर्तमानपत्रातून हाक दिली. लाखाहून अधिक लोकांनी मिळून एक लाखावर डॉलर जमवले. बहुतेकांनी एका डॉलरहूनही कमी रक्कम दिली होती. पुलित्झरने मात्र देणाऱ्या प्रत्येकाचे नाव छापण्याचे वचन दिले होते. पंढरपूरच्या शिळेवर जे झाले, तेच न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात झाले.

आपला मराठवाडा

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी लोकवर्गणीचे सर्व रंग पाहिले आहेत. नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी एकोणिसाव्या शतकात उभारली. पण तिथला लंगर चालतो तो जगभरच्या भाविकांच्या सेवेवर. एवढ्या मोठ्या व्यवहाराला शिस्त हवी म्हणून तेव्हाच्या हैदराबाद राज्याने १९५६ साली या गुरुद्वाऱ्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि कारभारासाठी मंडळ नेमण्याची तरतूद केली. भक्तीला कायद्याचे कुंपण घातल्याने भक्ती उणावली, असे कोणी म्हणू शकेल काय?

हैदराबाद मुक्तिसंग्रामानंतर, १९५० साली, स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. ‘पीपल्स’ म्हणजे लोकांचे, हे त्या नावातच आहे. ज्या भागात उच्च शिक्षणासाठी हैदराबादेची वाट धरावी लागे, तिथे लोकांच्या आधाराने महाविद्यालय निघाले.

मग १९९३ सालच्या ३० सप्टेंबरची ती पहाट. गणपतीचे विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारी आणि परिसरातील धरणी हादरली, हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. देशातून आणि परदेशातून मदतीचा ओघ लागला. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. जागतिक बँकेच्या साहाय्याने सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम घेतला आणि अनेक संस्थांनी गावे दत्तक घेऊन घरे बांधून दिली. त्या उपकाराचे विस्मरण होऊ नये. त्याबरोबर एक धडाही विसरू नये. कित्येक नव्या वसाहती शहरी धाटणीने आखल्या गेल्या. सरळ रस्ते, चौकोनी घरे. पण गुरांचा गोठा कुठे, कडब्याची गंजी कुठे, भावकी शेजारी कशी राहणार, याचा विचार सर्वत्र झाला नाही. देणाऱ्याचे मन मोठे होते, पण घेणाऱ्याला विचारायचे राहून गेले. तात्पर्य, दान कितीही मोठे असो, ज्याच्यासाठी ते आहे त्याचा शब्द त्यात असला पाहिजे.

२०१६ सालचा दुष्काळ आठवा. मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिलला पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी ‘जलयुक्त लातूर’ ही चळवळ उभारली आणि लोकवर्गणीतून मांजरा नदीच्या पात्राचे खोलीकरण, रुंदीकरण हाती घेतले. व्यापारी, डॉक्टर, शिक्षक, हमाल, शाळकरी मुले, सर्वांनी हातभार लावला. तिथे देणारा आणि घेणारा एकच होता. म्हणूनच त्या पैशावर गावाचे लक्ष राहिले.

नव्या काळाची वर्गणी आणि तिचे चार प्रकार

गेल्या पंधरा-वीस वर्षांत वर्गणी मोबाईलवर आली. अमेरिकेत २००९ साली ‘किकस्टार्टर’ निघाले. आपल्याकडे ‘मिलाप’, ‘केटो’, ‘इम्पॅक्टगुरू’ अशी संकेतस्थळे आली. २०१६ साली ‘यूपीआय’ सुरू झाले आणि दहा रुपये पाठवणेही सोपे झाले. स्नायूंच्या एका दुर्मिळ आजारावरील एकाच इंजेक्शनची किंमत सुमारे सोळा कोटी रुपये सांगितली गेली, तेव्हा अनोळखी लोकांनी शे-दोनशे रुपये पाठवून तान्ह्या मुलांसाठी तेवढी रक्कम उभी केल्याचे आपण ऐकले आहे. माणुसकीचा हा केवढा विजय! आणि त्याचबरोबर, उपचारासाठी घरदाराला जगापुढे हात पसरावा लागतो ही केवढी खंत!

परंतु अनेकांकडून पैसे जमवण्याचे सगळे व्यवहार एका माळेचे मणी नव्हेत. त्यांचे चार प्रकार ध्यानात ठेवले म्हणजे फसगत टळते.

पहिला प्रकार निव्वळ दानाचा. दिले ते दिले, परत काही मिळायचे नाही. आपल्या देवालयाची वर्गणी या प्रकारची.

दुसरा आगाऊ खरेदीचा. पुस्तक छापायचे आहे, चित्रपट काढायचा आहे, म्हणून लोकांनी आधी पैसे द्यायचे आणि वस्तू तयार झाली की ती घ्यायची.

तिसरा उसनवारीचा. पुष्कळ लोकांनी थोडे थोडे कर्ज द्यायचे आणि व्याजासह परत घ्यायचे. याला ‘पीअर टू पीअर’ कर्ज म्हणतात. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये यासाठी नियम केले. असा व्यवहार जुळवून देणाऱ्या कंपनीने रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी केली पाहिजे. एका माणसाने एका कर्जदाराला पन्नास हजारांहून अधिक देऊ नये आणि कर्जाची मुदत छत्तीस महिन्यांपलीकडे नसावी. काही कंपन्या हा प्रकार ‘खात्रीच्या परताव्याची गुंतवणूक’ म्हणून खपवू लागल्या, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये नियम आणखी कडक करण्यात आले. बुडीत निघाले तर नुकसान देणाऱ्याचेच, हे स्पष्ट सांगितले गेले.

चौथा प्रकार भागीदारीचा. नव्या उद्योगात असंख्य लोकांनी थोडे थोडे भांडवल घालून भाग घ्यायचा. अमेरिकेने २०१२ च्या कायद्याने याला वाट दिली. आपल्याकडे ‘सेबी’ने जून २०१४ मध्ये यावर विचारार्थ टिपण काढले, पण सर्वसामान्यांसाठी हे दार उघडले नाही. २०१६ साली तर अनधिकृत संकेतस्थळांपासून सावध राहण्याचा इशारा दिला. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार वर्षात दोनशेहून अधिक लोकांकडे भागभांडवल मागायचे, तर तो जाहीर विक्रीचा व्यवहार ठरतो आणि त्याचे सारे नियम लागू होतात. तेव्हा ‘आमच्या कंपनीत हजार रुपये घाला, मालक व्हा’ असे सांगत कोणी गावात आला, तर आधी कागद मागावा.

दान आणि भांडवल यांच्या मधोमध एक नवी सोय निघाली आहे, ती म्हणजे सामाजिक शेअरबाजार. ‘सेबी’ने २०२२ साली तिचे नियम केले. समाजकार्य करणाऱ्या नोंदणीकृत संस्था तिथून पैसा उभा करू शकतात. व्याजही नाही, मुद्दलही परत नाही. पण कामाचा अहवाल मात्र सक्तीचा. धार्मिक आणि राजकीय संस्थांना तिथे प्रवेश नाही. उद्या गावाला शाळा किंवा दवाखाना काढायचा झाला, तर हा मार्ग ठाऊक असावा.

गावच्या पेटीला लागणारे नियम

आता घरच्या गोष्टीकडे वळू. ‘देवाच्या कामात हिशेब कसला मागता?’ असे म्हणणारी माणसे गावोगाव भेटतात. त्यांचा भाव चांगला असतो, पण परिणाम वाईट होतो. देव पैसे मोजत नाही हे खरे. पण पैसे देतात माणसे, खर्च करतात माणसे आणि संशय घेतात तीही माणसेच. हिशेब न मागणारा गाव सज्जन कार्यकर्त्याचेच अधिक नुकसान करतो, कारण उद्या कुणी बोट दाखवले तर निर्दोषपणा सिद्ध करायला त्याच्यापाशी कागद नसतो.

यासाठी महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा आहे. देवस्थानची नोंदणी धर्मादाय कार्यालयात करावी लागते. लातूर आणि नांदेड या दोन्ही ठिकाणी ही कार्यालये आहेत. नोंदणी झालेल्या संस्थेने हिशेब ठेवायचे, ते तपासून घ्यायचे, विश्वस्त बदलले तर बदल-अर्ज द्यायचा आणि देवस्थानची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकायची नाही. ज्यांची नोंदणी नाही अशा मंडळांनी धर्मकार्यासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाला रीतसर कळवून परवानगीपत्र घ्यावे आणि नंतर जमाखर्च सादर करावा. गणेश मंडळे हेच करतात.

सर्वांत नाजूक प्रश्न आहे तो शिल्लक रकमेचा. बांधकाम संपले की थोडीफार रक्कम उरते आणि तिथेच मोह सुरू होतो. कुणी म्हणतो, ‘गावातच अडल्या-नडल्याला व्याजाने देऊ, देवाचेही भले आणि माणसाचेही.’ कुणी म्हणतो, ‘अमक्या ठिकाणी दामदुप्पट मिळते, तिथे ठेवू.’ हे दोन्ही मार्ग बंद समजावेत. विश्वस्तांच्या हातची शिल्लक रक्कम कलम ३५ प्रमाणे शेड्युल्ड बँकेत, पोस्टात, शासनमान्य सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांतच ठेवायची असते. व्याजाने दिलेला देवाचा पैसा वसूल करताना भाऊबंदकी पेटते, आणि मग ज्या देवळाने गाव एक केले त्याच देवळावरून गाव दुभंगते.

दामदुपटीची गोष्ट तर सांगायलाच नको. महाराष्ट्राने ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ साली कायदा केला, केंद्राने २०१९ साली अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आणली. एवढे कायदे करावे लागले, यावरून किती संसार बुडाले असतील याची कल्पना यावी. बँक अडचणीत आली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. ही एक ओळ प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

देणगीदारांसाठीही दोन शब्द. देवस्थानला दिलेल्या प्रत्येक देणगीवर आयकरात सूट मिळते, हा समज बरोबर नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ‘८०-जी’ कलमात अशी सवलत ठेवली गेली ती मान्यता मिळालेल्या धर्मादाय संस्थांच्या आणि केंद्र सरकारने खास अधिसूचित केलेल्या देवालयांच्या जीर्णोद्धाराच्या देणगीला. २०१७ पासून दोन हजार रुपयांवरील रोख देणगी तर सवलतीतून वगळली गेली. तेव्हा पावतीवर मान्यतेचा क्रमांक आहे की नाही ते पाहावे.

गावची लेकरे आज पुण्या-मुंबईपासून अमेरिकेपर्यंत गेली आहेत आणि देवाच्या कामाला पैसे पाठवतात. इथे एक बारकावा आहे. परदेशात राहणारा, पण भारतीय नागरिकत्व असलेला माणूस आपल्या कमाईतून देणगी देतो, ती विदेशी देणगी ठरत नाही. मात्र त्याने परकीय नागरिकत्व घेतले असेल, तर तोच पैसा विदेशी ठरतो. मग २०१० च्या कायद्याप्रमाणे संस्थेची केंद्राकडे नोंदणी किंवा परवानगी हवी. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते. भाऊ तोच, प्रेम तेच; पण पारपत्र बदलले की नियम बदलतो. हे न कळल्याने चांगल्या संस्था अडचणीत येतात.

शेवटी देवळाच्या दारावर लागलेल्या त्या चौकोनी ‘क्यूआर’ कागदाविषयी. तो रोज तपासावा, कारण खऱ्या कागदावर खोटा चिकटवणारे महाभाग निपजले आहेत. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर देवस्थानचेच नाव येते ना, हे पाहावे. आणि पैसे घेण्यासाठी कधीही पिन द्यावा लागत नाही, हे म्हाताऱ्या-कोताऱ्यांना समजावून सांगावे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

चार संकल्प

बंधू-भगिनींनो, कायदा बाहेरून राखण करतो, पण खरी राखण गावाची. यास्तव चार गोष्टी ठरवाव्यात. जीर्णोद्धाराचा संपूर्ण जमाखर्च देवळाच्या भिंतीवर सहा महिने लावून ठेवावा. शिलकीचे काय करायचे ते चार जणांनी न ठरवता ग्रामस्थांच्या सभेत ठरावे आणि त्या सभेत माता-भगिनींनाही बोलू द्यावे, कारण वर्गणीतला मोठा वाटा त्यांच्याच काटकसरीचा असतो. नावांची फरशी बसवताना लाख देणारा वर आणि शंभर देणारा गाळलेला, असे होऊ नये. ज्याने दहा दिवस विटा वाहिल्या त्याच्या मजुरीची किंमत लावून त्याचेही नाव त्या फरशीवर यावे. आणि वर्गणी कधीही जबरदस्तीची नसावी. ज्या साली पीक बुडाले त्या साली ज्याने हात जोडले, त्याच्या दारावरून दुसऱ्यांदा जाऊ नये. फूल ना फुलाची पाकळी म्हणतात. पण ज्याच्या अंगणात यंदा झाडच वाळले, त्याच्याकडे पाकळी मागणे हा धर्म नव्हे.

पंढरपूरच्या शिळेने साडेसातशे वर्षे हिशेब जपला. आपल्या देवालयाच्या वहीने निदान पुढच्या पिढीपर्यंत तो जपावा. देवळाचे दगड चुन्या-सिमेंटने जुळतात, गाव जुळते ते विश्वासाने, आणि तो विश्वास अखंड राहो, हीच या मंगल प्रसंगी ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.